पावलं मोजता मोजता कोडिंग: सहावी-सातवीच्या वर्गातला मायक्रोबिट

सहावीच्या कॉम्प्युटरच्या पुस्तकात इनपुट आणि आउटपुट यांच्या व्याख्या असतात. मुलं त्या पाठ करतात, ‘कीबोर्ड हे इनपुट, प्रिंटर हे आउटपुट’ असं लिहून मार्कही मिळवतात. त्यांतल्याच एखाद्याला विचारा, की बिल्डिंगच्या जिन्यातला दिवा कुणी आलं की आपोआप कसा लागतो? ‘सेन्सर असतो,’ असं उत्तर येतं. मग विचारा, सेन्सर पुढे कुणाला काय सांगतो, आणि दिवा किती वेळ लावायचा हे कोण ठरवतं? इथे गाडी अडते. पुस्तकातलं इनपुट आणि जिन्यातला दिवा यांची गाठ कुणी घालूनच दिलेली नसते.

ती गाठ घालून द्यायला गेल्या दहाएक वर्षांत चांगलं साधन हाताशी आलं आहे: तळहातात मावणारी, प्रोग्राम करता येणारी छोटी उपकरणं. त्यांतलं शाळकरी मुलांसाठी मुद्दाम घडवलेलं आणि मला सगळ्यांत पटलेलं म्हणजे मायक्रोबिट. ते काय असतं, त्यात प्रोग्राम कसा जातो आणि ११ ते १४ वर्षांच्या मुलांपुढे ते ठेवल्यावर मोठ्यांनी नेमकं काय करायचं, हे इथे सविस्तर सांगते. शेवटच्या मुद्द्यावर जास्त रेंगाळणार आहे, कारण उपकरण आणून दिल्यावर काम संपलं असं समजणाऱ्या शाळांत ते कपाटातच राहतं.

मायक्रोबिट ब्रिटनचं. १९८१ साली बीबीसीने लोकांना कॉम्प्युटर शिकवण्याची मोठी मोहीम काढली होती आणि तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ‘बीबीसी मायक्रो’ हा कॉम्प्युटर बनवला. तो शाळाशाळांत पोचला आणि एक अख्खी पिढी त्यावर प्रोग्राम लिहायला शिकली. पुढे कॉम्प्युटर वापरायला सोपे होत गेले आणि शाळेतला विषय पत्र टाइप करणं, तक्ते भरणं यांवर येऊन थांबला. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या अभ्यासक्रमात पाच वर्षांच्या मुलांपासून पुढे प्रोग्रामिंग आलं. त्याला जोड म्हणून मार्च २०१५ मध्ये बीबीसीने जाहीर केलं, की सातव्या इयत्तेतल्या, म्हणजे ११-१२ वर्षांच्या प्रत्येक मुलाला एक छोटा कॉम्प्युटर फुकट देणार. सगळे मिळून सुमारे १० लाख. वाटप त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हायचं होतं, पण वीजपुरवठ्याच्या भागात अडचण निघाली आणि मुलांच्या हातात ते यायला २०१६ चा मार्च उजाडला. यात एक लहानशी वाटणारी पण फार शहाणपणाची गोष्ट होती: उपकरण मुलाच्या मालकीचं होतं. ते दप्तरात टाकून घरी न्यायचं, भावंडांना दाखवायचं, बिघडवून परत नीट करायचं. त्याच्या पोटातल्या चिपची रचना एआरएम घराण्यातली, आणि एआरएमचा जन्म १९८०च्या दशकात त्याच एकॉर्न कंपनीत झालेला. म्हणजे आजीच्या घरातून नातवंडाकडे आलेली वस्तूच ही.

एवढ्याशा पाटीवर काय काय आहे

साधारण ४ सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर लांब अशी ही पाटी. समोर २५ बारीक लाल दिवे, पाच ओळींत पाच-पाच. त्यांच्या दोन बाजूंना दोन बटणं, ए आणि बी. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या, त्यांतल्या पाचांना मोठी भोकं, म्हणजे तारेचा चिमटा सहज लागतो. मागे वेग कसा बदलतोय हे ओळखणारा सेन्सर आणि होकायंत्र, रेडिओ आणि मुख्य चिप. २०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्पीकर आणि मायक्रोफोनही आले. दोन छोट्या पेन्सिल सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर, सगळं चालतं.

यांतल्या दोन गोष्टी मुलांना कळल्या की ती हरखून जातात. पहिली, उजेड मोजायला वेगळा सेन्सर नाहीच. जे दिवे प्रकाश देतात तेच उलटे वापरून प्रकाश मोजतात. दुसरी, तापमान मोजलं जातं ते चिपच्या पोटातलं. त्यामुळे वर्गातल्या थर्मामीटरपेक्षा आकडा थोडा जास्त येतो. हा फरक मुलांपासून लपवू नका. ‘मग खरं तापमान किती?’ हा प्रश्न मुलांनी विचारला की विज्ञानाचा अर्धा तास तिथेच भरून निघतो.

प्रोग्राम लिहायचा तो कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्ये. मायक्रोसॉफ्टचं मेककोड हे त्यासाठीचं फुकट साधन. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवत जायचे. स्क्रॅच ज्यांनी हाताळलंय त्यांना ओळख लगेच पटेल. ठोकळ्यांचा प्रोग्राम तयार झाला की मेककोड तो चिपला कळणाऱ्या भाषेत उतरवतं आणि एक फाइल तयार होते. मायक्रोबिट यूएसबीच्या वायरने जोडलं की ते पेनड्राइव्हसारखं दिसतं. ती फाइल त्यात टाकायची. मागचा एक दिवा काही क्षण लुकलुकतो, आणि प्रोग्राम चिपच्या कायमच्या मेमरीत जाऊन बसतो.

आता वायर काढा आणि सेल जोडा. प्रोग्राम चालूच. माझ्या मते पहिल्या तासात मुलांनी बघावा असा क्षण हा आहे. तोवर त्यांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. आता पडदा टेबलावर मागे राहिला आणि कॉम्प्युटर हातात आला. वॉशिंग मशीन, विजेचा डिजिटल मीटर, लिफ्ट, एटीएम कार्ड या सगळ्यांत असाच एक पडदा नसलेला कॉम्प्युटर बसलेला असतो, हे सांगायला याहून चांगली वेळ नाही.

पावलं मोजणारा बूट

सुरुवातीच्या तासांना हृदयाचं चित्र उमटवणं, हलवलं की फासा पडणं असे सोपे प्रयोग होतात. ते करावेत, पण तिथे फार रमू नये. खरी मजा पुढे आहे, आणि ती दाखवायला मी एकच प्रयोग घेते: बुटाला मायक्रोबिट बांधून पावलं मोजणं. फोनमधलं पावलं मोजणारं अॅप घरोघरी असतं, त्यामुळे ‘हे आपल्यालाही करता येईल का’ म्हटलं की मुलं सरसावून बसतात.

आधी सेन्सर काय सांगतो ते बघायचं. मायक्रोबिट टेबलावर स्थिर ठेवून वेगबदलाची एकूण तीव्रता वाचली, तर आकडा शून्य येत नाही, १००० च्या आसपास येतो. मुलं म्हणतात, हे बिघडलंय. बिघडलेलं नाही. टेबल त्याला खालून तोलून धरतंय, म्हणजे गुरुत्वाकर्षणाला विरोध करतंय, आणि सेन्सर नेमकं तेच टिपतो. मग ‘मोकळं पडताना हसरा चेहरा दाखव’ असा दोन ठोकळ्यांचा प्रोग्राम टाका आणि जाड गोधडीवर उपकरण वरून सोडा. हवेत असताना त्याला कुणीच तोललेलं नसतं, आकडा शून्याकडे जातो, आणि गोधडीवर पडेपर्यंत चेहरा उमटलेला असतो. नववी-दहावीत भेटणारं गुरुत्वाकर्षण सातवीत हाताला लागतं ते असं.

आता मोजणी. चालताना पाय आपटला की आकडा १००० वरून उसळी मारतो. समजा १५०० च्या वर गेला की एक पाऊल. प्रोग्रामचा सांगाडा मराठीत मांडला तर असा:

सुरुवातीला: पावलं = ०
कायम: जर तीव्रता १५०० पेक्षा जास्त असेल, तर पावलं १ ने वाढव आणि आकडा दाखव.

मुलं बुटाच्या नाडीत उपकरण खोचतात आणि चालायला लागतात. १, २, ३… ९ पर्यंत छान. आणि मग मोजणी घसरते. चालणारा पाटी बांधलेला पाय २० वेळा टाकतो आणि पाटीवर १३-१४ येतात. कशामुळे?

मुलांना थोडा वेळ भांडू द्या. कुणी म्हणेल सेन्सर थकला, कुणी म्हणेल तू पाय हळू टाकलास. मग त्यांना पाटीकडेच बघायला सांगा: १० हा आकडा कसा दिसतो? पाच बाय पाच दिव्यांत दोन अंक मावत नाहीत, म्हणून ते सरकत जातात. सरकायला दोन-एक सेकंद लागतात, आणि ‘आकडा दाखव’ ही आज्ञा पूर्ण होईपर्यंत प्रोग्राम तिथेच थांबून राहतो. त्या वेळात पडलेलं पाऊल कुणी पाहिलेलंच नसतं. एक अंकी आकडा पाऊण सेकंदात आटोपतो, म्हणून ९ पर्यंत निभावलं.

उपाय मुलंच सुचवतात: दर पावलाला दाखवू नका, विचारल्यावर दाखवा. म्हणजे ‘दाखव’ हा ठोकळा तिथून काढून ‘बटण ए दाबल्यावर’ या वेगळ्या ठोकळ्यात टाकायचा. इथे प्रोग्रामिंगमधला एक मोठा भेद आपोआप समोर येतो. दर मिनिटाला दार उघडून कुणी आलंय का बघणं निराळं आणि कडी वाजल्यावर उठणं निराळं. ‘कायम’ हा ठोकळा पहिल्या प्रकारचा, ‘बटण दाबल्यावर’ हा दुसऱ्या प्रकारचा, आणि मायक्रोबिटमध्ये दोन्ही कामं शेजारी शेजारी चालू राहतात.

दुरुस्ती झाली. पुन्हा चालणं. या वेळी तोच पाय १० वेळा टाकला, तर ४०-४५ पावलं! वर्गात हशा पिकतो, आणि दुरुस्ती करणाऱ्या मुलीचा चेहरा पडतो. तिने चूक सुधारली होती आणि गणित आणखी बिघडलं. पण तिची दुरुस्ती बरोबरच होती. आधीची चूक एक दुसरी चूक झाकून ठेवत होती. ‘कायम’चा फेरा सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात एकदा होतो. पाय आपटल्याचा धक्का त्याहून बराच जास्त वेळ टिकतो, म्हणून एकच धक्का चार-पाच वेळा मोजला जातो. आधी ‘दाखव’मुळे प्रोग्राम थबकत होता, त्यामुळे हे दिसतच नव्हतं.

मग ‘मोजल्यावर ३०० मिलिसेकंद थांब’ असा एक ठोकळा घालता येतो. चालण्यासाठी तो पुरतो. जास्त नीट उपाय हवा असेल तर एक खूण ठेवायची: आकडा मर्यादेच्या खाली येऊन गेल्याशिवाय पुढचं पाऊल मोजायचं नाही. सातवीच्या मुलांना हे समजतं. थोडा वेळ लागतो, पण समजतं, कारण फेऱ्या मारून पाय दुखलेले असतात आणि आकडा बरोबर यावा ही इच्छा खरी असते. शेवटी एखादं मूल विचारतंच: आपण एकाच बुटाला बांधलंय, मग दुसऱ्या पायाची पावलं कुठे गेली? दुप्पट करायचं. आणि लंगडणाऱ्या माणसाचं काय? जिना चढताना काय? १५०० हा आकडा आजोबांना लागू पडेल का? माझ्या मते इतके प्रश्न निघाले की तास सत्कारणी लागला.

हाच प्रयोग नुसत्या पडद्यावर केला असता तर? मेककोडमध्ये पडद्यावर एक नकली मायक्रोबिट असतं, माऊसने हलवता येतं. ते उपयोगी आहे, उपकरणं कमी असतील तेव्हा तर फारच. पण त्या नकली पाटीवर एक धक्का चार वेळा मोजला जाण्याचा अनुभव मिळत नाही. तिथे नाडी सैल होत नाही, सेल उतरत नाही, चिमटा निसटत नाही. खरं जग खडबडीत असतं, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्या खडबडीतपणाचा हिशोब ठेवावा लागतो. हाताने शिकण्याची गरज मला वाटते ती यासाठी.

शिक्षकाचे हात पाठीमागे

वरचा प्रसंग वाचून कुणाला वाटेल, एवढा वेळ कशाला घालवायचा, बरोबर प्रोग्राम फळ्यावर लिहून दिला तर १० मिनिटांत सगळ्यांचे बूट मोजायला लागतील. लागतील खरे. आणि पुढच्या आठवड्यात मर्यादा बदलायला सांगितली तर वर्ग पुन्हा फळ्याकडे बघत बसेल.

कोडिंग शिकवण्यावर संशोधन करणाऱ्यांनी यासाठी एक क्रम सुचवलेला आहे. तो मला वर्गात अगदी राबवण्याजोगा वाटतो. मुलांना कोरा पडदा द्यायचा नाही, तयार छोटा प्रोग्राम द्यायचा. तो चालवण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, की हा काय करेल. मग चालवायचा. लिहिलेलं आणि घडलेलं यांत फरक पडला तर तो का, याचा शोध घ्यायचा. मग त्यात एखादा बदल करायचा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं काही बनवायचं. ब्रिटनमधल्या संशोधक स्यू सेंटन्स यांच्यामुळे ही पद्धत बऱ्याच शाळांत पोचली. यातली ‘आधी लिहा, मग चालवा’ ही पायरी शिक्षक बहुधा गाळतात, कारण मुलं घाईत असतात. ती गाळू नका. अंदाज वहीत उतरला की चूक ही बातमी होते: आपल्या डोक्यात काय चाललं होतं, ते कळतं.

मुलं दोन-दोनच्या जोडीत बसवावीत. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याचं काम सांगण्याचं आणि लक्ष ठेवण्याचं. दर १० मिनिटांनी अदलाबदल. ही अदलाबदल घड्याळ लावून करा. मुलामुलींची जोडी असेल तर बऱ्याचदा माऊस मुलाकडे राहतो आणि मुलगी वहीत लिहीत बसते. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं, आणि कुणी टोकलं नाही तर वर्षभर होत राहतं.

आणि शिक्षकाने माऊसला हात लावायचा नाही. मूल अडलं की तीन प्रश्न पुरतात: तुला काय व्हायला हवं होतं? काय झालं? कुठपर्यंत बरोबर चाललं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता निम्म्या चुका मुलांना आपल्याआपणच सापडतात. यासाठी शिक्षकाला सगळं यायला हवं असं बिलकुल नाही. ‘मलाही माहीत नाही, आपण बघू’ असं म्हणणाऱ्या बाईंच्या वर्गात मुलं जास्त धिटाईने प्रयोग करतात.

या विचाराची मुळं जुनी आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीमधले सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. पुढे तिला जोडून जमिनीवर फिरणारं, रेघा काढणारं यांत्रिक कासव आलं. चौकोन काढायची आज्ञा सुचेना, तर मुलाने स्वतः उठून चौकोनात चालून बघायचं आणि आपण काय केलं ते कासवाला सांगायचं. पेपर्ट त्याआधी जिनिव्हात मुलांच्या विचारप्रक्रियेचे अभ्यासक जाँ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते, आणि मूल काहीतरी घडवताना सगळ्यात चांगलं शिकतं, यावर त्यांची श्रद्धा होती. बुटावरचं मायक्रोबिट त्याच वाटेवरचं.

कुंडीतली माती काय म्हणते

पावलांनंतर दुसरा प्रयोग मी मातीचा सुचवेन, कारण आपल्याकडच्या मुलांना, गावाकडच्या तर नक्कीच, मातीची समज कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी जास्त असते. दोन लोखंडी खिळे कुंडीत थोड्या अंतरावर रोवायचे. एक चिमट्याच्या वायरने एका पट्टीला, दुसरा दुसऱ्या पट्टीला. ओल्या मातीतून वीज सहज जाते, कोरड्यातून जात नाही. मायक्रोबिट हे ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतं. आकडा ठरावीक मर्यादेखाली आला की रडका चेहरा दाखवायचा, पाणी घातलं की हसरा.

खिळ्यांना सतत वीज देत राहिलं तर ते लवकर गंजतात आणि आठवड्याभरात आकडे भरकटायला लागतात. म्हणून वीज क्षणभर द्यायची, आकडा वाचायचा, लगेच बंद करायची आणि तासाभराने पुन्हा. म्हणजे ‘केव्हा मोजायचं’ हाही प्रोग्रामचा भाग झाला. शिवाय खिळे किती खोल, किती लांब, माती काळी की लाल, यावर आकडा बदलतो. त्यामुळे एका कुंडीची मर्यादा दुसऱ्या कुंडीला चालत नाही. ज्याच्या घरी ठिबक आहे असं मूल इथे शिक्षकापेक्षा पुढे असतं, आणि त्याला तसं असू द्यावं.

रेडिओचा प्रयोग थोडक्यात सांगते. दोन मायक्रोबिट एकाच गटक्रमांकावर ठेवली की एकमेकांना निरोप पाठवतात. गट ० ते २५५. वर्गातल्या दोन जोड्यांनी नकळत एकच क्रमांक घेतला की एकाचे निरोप दुसऱ्याकडे पोचतात आणि गोंधळ उडतो. तो गोंधळ होऊ द्या. हवेतून जाणारा निरोप कुणीही ऐकू शकतो, हे त्या दिवशी जितकं पटतं तितकं सायबर सुरक्षेच्या भाषणाने पटत नाही.

ठोकळ्यांतून लिखित भाषेकडे कधी जायचं, हा पालकांचा आवडता प्रश्न. घाई नको. मेककोडमध्ये एक कळ दाबली की तोच प्रोग्राम पायथॉनमध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये दिसतो. आठवीच्या सुमाराला एखादं मूल १५०० च्या जागी १८०० करायला ठोकळे शोधण्यापेक्षा तिथेच आकडा बदलायला लागतं. तेव्हा ते तयार झालंय असं समजावं. ठोकळे ‘खरं कोडिंग’ नाही, असं त्याला तोवर कुणी म्हणू नये.

आपल्या शाळांत

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम यावेत असं म्हटलंय. गोवा सरकारने २०२१ मध्ये सहावी ते आठवीसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची ‘केअर्स’ ही योजना आणली. देशभरात अटल टिंकरिंग लॅब १० हजार शाळांत आहेत. एका लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि सहावी ते बारावीच्या मुलांसाठी ती असते. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. म्हणजे कागदावर वाट मोकळी आहे.

आणि हाताने शिकण्याची परंपरा तर आपल्याकडे चांगली जुनी आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमणाऱ्या मुलांनी वेल्डिंग, शेती, वीज, बांधकाम करता करता शिकावं, ही त्यांची कल्पना. एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी, एक २००२ मध्ये तिथेच आली. लोखंड कापणाऱ्या हातांनी प्रोग्रामही लिहावा, हे त्या गावाला नवीन नाही. गावातल्या शाळेला यातलं काही झेपणार नाही, असं कुणी म्हटलं की मी पाबळचं नाव घेते.

अडचणी खऱ्या आहेत, पण बऱ्याचशा फार साध्या आहेत. सगळ्यात जास्त तास बुडतात ते वायरमुळे. फोन चार्ज करण्यापुरत्या असलेल्या स्वस्त यूएसबी वायरमधून डेटा जात नाही. उपकरणाचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला ते दिसत नाही, आणि शिक्षक ‘खराब आहे’ म्हणून ठेवून देतात. डेटा जाणाऱ्या वायरला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. मायक्रोबिट उघडी पाटी आहे. चालू असताना लोखंडी बाकावर किंवा कंपासपेटीच्या झाकणावर ठेवलं तर मागचे बिंदू एकमेकांना जोडले जाऊन ते बिघडू शकतं. भिंतीतल्या सॉकेटमधल्या विजेशी कोणताही प्रयोग जोडायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी आणि नंतरही सांगत राहायचा. इंटरनेट ये-जा करत असेल तर मेककोड तासाआधी एकदा ब्राउझरमध्ये उघडून ठेवावं. नंतर जोडणी गेली तरी ठोकळ्यांचं काम बहुतेक चालू राहतं. वर्गात ४० मुलं आणि १० उपकरणं असतील तर अर्ध्या वर्गाने कागदावर अंदाज लिहायचे आणि अर्ध्याने चालवून बघायचं, मग उलट. भाषेची भीती बाळगू नये. ठोकळ्यांवरचे इंग्रजी शब्द मुलं रंग आणि जागेवरून ओळखतात, चर्चा मराठीतच व्हावी, आणि व्हेरिएबलला, म्हणजे आकडा साठवायच्या जागेला, ‘पावलं’, ‘ओल’ अशी आपली नावं रोमन अक्षरांत द्यावीत.

हे सगळं करून मुलांना खरंच काही येतं का? ब्रिटनमधल्या पहिल्या वाटपानंतर बीबीसीने केलेल्या पाहणीत ९० टक्के मुलांनी सांगितलं, की कोडिंग कुणालाही जमू शकतं हे मायक्रोबिटमुळे कळलं. हे ऐकून बरं वाटतं, आणि मुलींच्या बाबतीत तर अशा विश्वासाचं मोल फार आहे. पण वाटणं आणि येणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर शाळेने स्वतः मोजायला हवं. प्रदर्शनात मांडलेला चकचकीत प्रोजेक्ट त्यासाठी कामाचा नाही, तो कुणी केलाय ते कळत नाही. त्यापेक्षा प्रत्येक जोडीला एक बिघडवलेला प्रोग्राम द्यावा, म्हणजे पावलं मोजणारा, पण ‘सुरुवातीला शून्य’ हा ठोकळा चुकून ‘कायम’मध्ये गेलेला. १५ मिनिटं द्यावीत. बटण दाबलं की आकडा बहुधा शून्यच का येतो, फार तर कधीमधी १ का दिसतो, हे मुलाने शेजारच्या मुलाला मराठीत समजावून सांगायचं, ठोकळा जागेवर न्यायचा आणि बूट घालून वर्गाबाहेर चक्कर मारून यायचं.